गणकयंत्रांच्या कसोट्या

दोन घोड्यांपैकीं चपळ कोणता, हें एका शर्यतींत ठरतें. दोन प्रोसेसरांपैकीं, म्हणजे गणकयंत्रांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोन भागांपैकीं, सरस कोणता, हें ठरविणें तितकें सोपें नाहीं. एक आंकडेमोडींत पुढें असतो, तर दुसरा मजकुराची जुळवाजुळव करण्यांत. शिवाय शर्यतीचें मैदान आंखणारे पुष्कळदां घोड्यांचे धनीच असतात. विद्यापीठें, बँका व सरकारी खातीं अशाच आंकड्यांच्या भरंवशावर मोठमोठ्या रकमा खर्चितात. म्हणून या मापांचा प्रामाणिकपणा हा केवळ तज्ज्ञांचा प्रश्न नव्हे.

प्रारंभीं वेगाचें रूढ माप म्हणजे एका सेकंदांतील आज्ञांची संख्या. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननें १९७७ सालीं व्हॅक्स-११/७८० हें यंत्र बाजारांत आणलें. त्याचा वेग सेकंदास १० लक्ष आज्ञा असा धरून इतर यंत्रें त्याच्याशीं ताडण्याची प्रथा पडली. पुढें बारकाईनें मोजतां तें सेकंदास सुमारें ५ लक्षच आज्ञा पार पाडतें, असें आढळलें! खरी अडचण मात्र निराळीच होती. एका यंत्राची एक आज्ञा पुष्कळ काम उरकी. दुसऱ्यास तेवढ्याच कामाला अनेक आज्ञा लागत. पावलें मोजून अंतर सांगावयाचें, तर उंटाचें पाऊल आणि शेळीचें पाऊल सारखें कसें धरावें?

म्हणून एकच ठराविक प्रोग्रॅम सर्व यंत्रांवर चालवून वेळ मोजण्याची पद्धत पुढें आली. १९८४ सालीं रायनहोल्ड वायकर यांनीं रचलेली ‘ड्राइस्टोन’ ही कसोटी त्यांतलीच. तिच्यांतील कांहीं कामांचें उत्तर पुढें कोठेंच वापरलें जात नसे. कंपायलर, म्हणजे माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा दुभाषी, सुधारत गेला, तसा तो अशीं निष्फळ कामें गाळूं लागला. यंत्र तेंच राहिलें, गुण मात्र वाढले.

१९८८ सालीं अपोलो, ह्यूलेट-पॅकार्ड, मिप्स व सन या प्रतिस्पर्धी कंपन्यांनींच एकत्र येऊन ‘स्पेक’ ही संस्था काढली. पुढल्या वर्षीं तिनें दहा प्रोग्रॅमांचा संच प्रसिद्ध केला. त्यांतील ‘मॅट्रिक्स-३००’ हा प्रोग्रॅम मोठमोठ्या सारण्यांचा गुणाकार करी. आंकडे हाताळण्याचा क्रम बदलणारे नवे कंपायलर १९९१च्या सुमारास निघतांच या एकाच विषयांत कांहीं यंत्रांचे गुण अनेक पटींनीं वाढले, आणि त्यायोगें सरासरीहि फुगली. तें तंत्र खोटें नव्हतें. परंतु एका प्रश्नावरून सबंध यंत्राची योग्यता ठरूं लागली होती. १९९२च्या संचांतून स्पेकनें तो प्रोग्रॅम वगळला.

दुभाषी एका पक्षाचा असला म्हणजे तंटा अधिकच चिघळतो. इंटेलच्या कंपायलरनें तयार केलेले प्रोग्रॅम प्रोसेसर कोणाचा आहे हें तपासतात व तो परका असल्यास मंद वाट धरतात, अशी तक्रार एएमडी कंपनीनें २००५ सालच्या आपल्या दाव्यांत केली. २०१० सालीं फेडरल ट्रेड कमिशनशीं झालेल्या तडजोडीनें, कंपायलरची ही मर्यादा ग्राहकांस स्पष्टपणें कळविण्याचें बंधन इंटेलवर आलें. पुढें २०२४ सालीं स्पेकनें इंटेलच्या एका कंपायलरनें मिळविलेले दोन हजारांहून अधिक निकाल नियमबाह्य ठरविले; कसोटींतील एका विशिष्ट प्रोग्रॅमची आगाऊ माहिती त्या कंपायलरनें वापरली होती.

परीक्षेचे प्रश्न आधीं ठाऊक झाले कीं विषयापेक्षां उत्तरेंच घोकलीं जातात. यावर स्पेकचा उपाय दुहेरी आहे: कांहीं वर्षांनीं प्रश्नपत्रिका बदलावयाची, आणि प्रत्येक निकालासोबत यंत्र, कंपायलर व त्याची मांडणी उघड करावयाची. निःपक्षपातीपणा आंकड्यांत नसून या उघडेपणांत आहे. म्हणून घेणाऱ्यानें एकट्या आंकड्यावर न विसंबतां तो कोणत्या कामाचा, कोणी व कसा मोजला, हें विचारावें. आणि शक्य असेल तर आपलें रोजचेंच काम त्या यंत्रावर चालवून पाहावें.