राणीच्या गावी एक दिवस

गडचिरोली 1982 साली वेगळा जिल्हा झाला. तोवर आमचे कचेरीचे प्रत्येक काम चांद्याला. शंभर वेळा गेलो असेन, पण गाव पाहिले नव्हते. 1964 साली चांद्याचे चंद्रपूर झाले. मावशीच्या तोंडी मात्र अजून चांदाच. परवा तिला म्हटले, "चल, आज कचेरी नाही, दवाखाना नाही. राजधानी पाहू."

"राजधानी?" मावशी हसली. तिच्या लेखी चांदा म्हणजे चैत्रातली महाकालीची यात्रा.

जटपुरा वेशीपाशी उतरलो. वेशीवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे, ते गोंड राजांचे चिन्ह. खालून रिक्षा, मोटारी आणि भाजीच्या गाड्या एकमेकींना ढकलीत होत्या. सिंहाकडे पाहायला कुणाला सवड? चार वेशी आणि पाच खिडक्या असलेला हा परकोट सुमारे अकरा किलोमीटरांचा. एका खिडकीचे नाव चोर, दुसरीचे मसण. नावे ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेवला नाही एवढे खरे!

तटाची कथा मावशीला रिक्षात सांगितली. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गळवे होती. झरपट नदीच्या पाण्याने ती बरी झाली. पुढे शिकारीत एक ससाच राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागला. राणी म्हणाली, ससा जिथून धावला तिथूनच तट बांधा. इतिहासकार या सशाला फारसे मानत नाहीत. पण या कथेत रोगावर उपाय आणि नगराची आखणी दोन्ही राणीलाच सुचतात, हे मला विसरवत नाही.

कारण खरी राणी पुढेच भेटायची होती. अंचलेश्वर वेशीबाहेर महाकालीचे दर्शन घेतले. हे देऊळ हिराईने बांधले असे सांगतात. आत अंचलेश्वराच्या देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत मोठी बीरशहाची. तीही हिराईनेच बांधवली. बीरशहाचा खून झाला, तोही दुसऱ्या लग्नाच्या मिरवणुकीत, अशी हकीकत आहे. सवत आणायला निघालेल्या नवऱ्याची एवढी देखणी समाधी! रामशहाला दत्तक घेऊन तिने राज्यही सांभाळले.

ते राज्य फार टिकले नाही. 1751 साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. 21 ऑक्टोबर 1858 रोजी याच गावच्या तुरुंगात बाबूराव शेडमाक्यांना फाशी दिली. ते नाव ऐकताच मावशीने पदर डोक्यावर घेतला. तिच्या माहेरी ते नाव तसेच घेतात.

तटावर चढणे तिच्या गुडघ्यांना झेपेना. मी एकटाच चढलो. गावातल्या स्वयंसेवकांनी 2017 पासून झुडपे तोडून, माती उपसून हा तट मोकळा केला आहे. एका बाजूला घरांची कौले, दुसऱ्या बाजूला झरपट.

खाली आलो तर मावशी बीरशहाच्या समाधीच्या पायरीवर बसलेली. महाकालीचे उरलेले कुंकू तिने पायरीच्या कडेला वाहिले होते.

"चाळीस वर्षं देवीला येते," ती म्हणाली, "पण देऊळ बांधणारीचं नाव आज कळलं. राजाला नाही वाहिलं रे, तिला वाहिलं."

राखणदाराने दुसरीकडे तोंड फिरवले. पाचची गाडी गाठायची होती, आणि जटपुऱ्याला पुन्हा खोळंबा झाला. या वेळी मावशी मान वर करून सिंहाकडे पाहत होती.