पणजीतला जुना वाडा

मैत्रिणींनो, बचत गटाची सहल गोव्याला न्यायची ठरली, की पोरंसोरं आधी समुद्राचं नाव काढतात. समुद्र बघाच, पण अर्धा दिवस पणजीला द्या, असं आम्ही म्हणतो. राजधानी असूनही गाव लहान, पायी फिरता येतं.

मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा आहे. बाहेरून पाहिला तरी चालेल. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. पुढे जुन्या गोव्यात रोगराई माजली, म्हणून १७५९ मध्ये त्यांचा व्हाइसरॉय या वाड्यात राहायला आला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. गोवा मुक्त झाल्यावर विधानसभाही इथेच भरायची.

१९७३ मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर त्या पदावर आल्या. बापाची गादी लेकीला मिळाली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. १९७७ ची निवडणूक ताईंच्याच नेतृत्वाखाली पक्षाने जिंकली. त्या १९७९ पर्यंत मुख्यमंत्री होत्या. त्यांच्यानंतर गोव्यात एकही बाई त्या पदावर आलेली नाही. मुलींना हे तिथेच उभं राहून सांगा.

मुलं मात्र शेजारच्या पुतळ्यापाशी रमतील. हात पसरलेले आबे फारिया आणि समोर गुंगीत गेलेली बाई! फारिया मूळचे कांदोळीचे, संमोहन करणारे. जादू आपल्या हातात नाही, गुंगी माणसाच्या स्वतःच्या मनातूनच येते, असं ते सांगत.