कॉफीच्या भांड्यावरचा डोळा

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 साली सुमारे 15 संशोधकांमध्ये कॉफीचे यंत्र एकच होते. ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर ते ठेवलेले असे. त्या खोलीत बसणाऱ्यांना ताज्या कॉफीची वार्ता तत्काळ लागे. इमारतीच्या इतर भागांत काम करणाऱ्यांना मात्र जिने ओलांडून यावे लागे आणि पुष्कळदा रिकाम्या भांड्याचे दर्शन घेऊन परतावे लागे. जवळचे आणि दूरचे यांच्यातील या घरगुती अन्यायातून पुढे जगातील पहिला वेबकॅम म्हणून ओळखला गेलेला डोळा जन्मास आला.

संशोधकांनी प्रयोगशाळेतील साध्या स्टँडला एक कॅमेरा बांधला, तो भांड्याकडे वळविला आणि त्याच्या तारा जमिनीखालून ट्रोजन रूममधील एका एकॉर्न आर्किमिडीज संगणकापर्यंत नेल्या. कॅमेऱ्याचा विद्युत्संदेश संगणकास थेट उमगत नसे. तो टिपून त्याचे अंकांत रूपांतर करणारे ‘फ्रेम-ग्रॅबर’ नावाचे उपकरण त्या संगणकास जोडलेले होते. एकेका चित्रात आडवे 128 आणि उभे 128, म्हणजे एकंदर 16,384 बिंदू असत आणि रंगांच्या जागी केवळ करड्या छटा.

यापुढचे काम दोन प्रोग्रॅमांत वाटलेले होते. पॉल जार्डेट्झ्की यांनी लिहिलेला सर्व्हर प्रोग्रॅम चित्रे टिपून तयार ठेवी. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी लिहिलेला ‘एक्सकॉफी’ हा प्रोग्रॅम प्रत्येकाच्या संगणकावर चाले. तो जाळ्यावरून चित्र मागवी आणि पडद्याच्या कोपऱ्यात लहानशा चौकटीत दाखवी. टिपणारा एक आणि पाहणारे अनेक, ही विभागणीच या रचनेचे मर्म होय.

चित्र मिनिटाला सुमारे तीनदाच बदले. आज हा वेग हास्यास्पद वाटेल. परंतु भांडे हळूहळू भरत असल्यामुळे तेवढा पुरेसा होता. तथापि पडद्यावर दिसणारे चित्र हा नेहमीच नुकताच सरलेला क्षण असतो. भरलेले भांडे पाहून उठलेला मनुष्य खाली पोहोचेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते रिते केलेले असणे शक्य होते. चित्र किती शिळे चालेल, हा प्रश्न असा पहिल्या दिवसापासूनच उभा राहिला, आणि त्याचे उत्तर गरजेनेच दिले.

1993 साली वेबच्या पानांवर चित्रे दाखविण्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी हे भांडे वेबवर आणले. इमारतीतील मूठभर मंडळींचा कोपरा आता लक्षावधी अनोळखी लोक न्याहाळू लागले. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, कनेक्टिक्स कंपनीचा ‘क्विककॅम’ मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आला. त्याला निराळे फ्रेम-ग्रॅबर लागत नसे. तारेने संगणकास जोडला की झाले. चित्रे करडीच होती, परंतु कॅमेरा प्रयोगशाळेतून सामान्य माणसाच्या मेजावर आला होता.

आजच्या संगणकावरील कॅमेऱ्याचा प्रोग्रॅमही मूलतः हेच करतो: चित्र टिपावे, स्मृतीत ठेवावे, चौकटीत रेखाटावे आणि पुन्हा आरंभ करावा. सेकंदाला 25-30 वेळा हे चक्र फिरले की डोळ्यास हालचाल अखंड भासते. रेखाटन मागे पडू लागले तर जिवंत दृश्य दाखविणारा प्रोग्रॅम साचलेली जुनी चित्रे सरळ टाकून देतो; कारण उशिरा पोहोचलेले चित्र येथे निरुपयोगी असते.

प्रयोगशाळा नव्या वास्तूत जावयाची असल्यामुळे 22 ऑगस्ट 2001 रोजी केंब्रिजचा तो कॅमेरा बंद झाला. भांड्याचा लिलाव झाला आणि एका जर्मन वृत्त-संकेतस्थळाने ते 3,350 पौंडांना घेतले. त्या कॅमेऱ्यापुढे एक निर्जीव भांडे होते आणि तो तेथे का आहे, हे सर्वांस ठाऊक होते. त्याच्या वंशजांपुढे आज माणसे बसतात, घरे उघडी पडतात. टिपण्याचा वेग आणि चित्राची स्पष्टता कितीतरी वाढली; परंतु डोळा कशाकडे वळवावा, कोणाच्या संमतीने आणि किती वेळ, याचे माप आजही यंत्राकडे नाही. केंब्रिजच्या त्या मंडळींना ते सहज साधले होते, कारण त्यांना पाहावयाची होती ती केवळ कॉफी.