वंगणाचा डबा आणि भागधारक

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावलेली पहिली एसटी शिरूरवरून गेली. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग तर १८७८चा. दोन्ही वाटांना वंगण हवेच. चार्ल्स वेकफिल्डने १८९९मध्ये इंग्लंडात आगगाड्या व यंत्रांसाठी वंगण विकायला सुरुवात केली. पुढे त्यात एरंडेल मिसळले आणि त्यावरून ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव आले.

तेल गावोगावी पोचले, मालकी विलायतेतच राहिली. ती हलवली १९७३च्या ‘फेरा’ कायद्याने. बहुतेक परदेशी कंपन्यांना भांडवलातला वाटा ४० टक्क्यांवर आणावा लागला. शेअरची किंमत भांडवल नियंत्रक ठरवी, तीही बहुधा बाजारभावाहून बरीच कमी. अर्ज भरणाऱ्या पगारदारांना ही पर्वणीच होती. कॅस्ट्रॉलची भारतीय कंपनी १९८२मध्ये याच वाटेने लोकांपुढे आली.

१९९१ नंतर ५१ टक्क्यांची मुभा मिळताच वारे फिरले. काही परदेशी कंपन्यांनी बाजारभावाच्या अंशात नवे शेअर स्वतःकडे घेतले. अखेर १९९४मध्ये सेबीने किमतीची अट घातली.

लहान भागधारकाचे नशीब तेलाच्या खपाइतकेच दिल्लीतल्या कलमांवर ठरत होते, असे मला वाटते. डबा विकत घेणारा ट्रकवाला शिरूर-दौंडचा. नफ्यातला वाटा मात्र अर्ज कुठे मिळतो हे ठाऊक असणाऱ्याचा. म्हणून तालुक्याचा इतिहास लिहिताना मी देवळांच्या शिलालेखांसोबत घरोघरीच्या ट्रंकांतली जुनी शेअर प्रमाणपत्रेही अस्सल कागदपत्रांत धरतो. ती रद्दीत जाण्याआधी कोणीतरी नोंदवायला हवीत.