झाडीतल्या घरांच्या ताट्या

दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, त्या मार्कंडा क्षेत्री महाशिवरात्रीच्या यात्रेस आलेला भाविक, अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३ ते १८७५ या काळातील आपल्या दौऱ्यांच्या वृत्तान्तात ज्यांचे साम्य खजुराहोशी जोडले, त्या देवळांच्या भिंतींवरील मूर्तींकडे मान उंचावून पाहतो. परंतु आवाराबाहेर पडून चामोर्शीच्या वाटेस लागल्यावर जी जुनी कवेलारू घरे दिसतात, त्यांच्या खिडक्यांकडे पाहण्याची बुद्धी त्यास सहसा होत नाही. अशा एखाद्या घराचा वारसदार जेव्हा डागडुजी काढतो आणि खिडक्यांस कोणते पडदे लावावेत याची चौकशी शहरातील दुकानांतून करीत फिरतो, तेव्हा या प्रश्नाचा निवाडा त्याच्या मुलखात फार पूर्वीच झालेला आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

खिडकीस या घरांत मुळी फारसा मान नव्हता. चंद्रपुरास उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, आणि अशा प्रदेशात भिंतीस पाडलेले प्रत्येक छिद्र म्हणजे उन्हास दिलेला परवाना होय, हे घर बांधणाऱ्यास पुरते ठाऊक असे. म्हणून मातीच्या भिंती जाड, ओसरीचे छप्पर पुढे उतरलेले, धूर जाण्यास व उजेड येण्यास वर एखादे सवणे, आणि खिडकी असलीच तर लहानशी. सागवानी चौकटीची, उभ्या गजांची, दोन झडपांची ऐसपैस खिडकी ही मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, वाड्यांची मिरास. आणि तिच्यासंगे तिला झाकण्याची विवंचनाही आली.

तो प्रश्न सोडविणारी वस्तू मात्र वाड्यांहून कितीतरी प्राचीन होती. मुक्ताबाईच्या अभंगांमुळे जी ताटी महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली, ती तेराव्या शतकात दाराचे काम करीत होती. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगली मुलखात, तिने दाराचे, कुडाचे, कुंपणाचे आणि खिडकीच्या आच्छादनाचे अशी सारीच कामे केली. जंगलात विपुल असलेला मानवेल बांबू भरीव, चिवट आणि फाडण्यास सरळ. बांबूकाम करणारा बुरूड तो कोयत्याने उभा चिरून त्याच्या कामट्या काढी, हिरवी पाठ आणि पांढरे पोट निरनिराळे करी, आणि पाठीच्या कामट्या उन्हा-पावसाकडील बाजूस येतील अशा बेताने वीण घाली. बारीक काड्या सुताने गुंफून गुंडाळता येणारा चिकाचा पडदाही याच हातांचा. परंतु त्यास वेळ फार लागे आणि त्याचे मोल देणारे गिऱ्हाईक कचेरीच्या गावीच भेटे. बांबूची तोड पावसाळा सरल्यावर, तीही अंधाऱ्या पंधरवड्यात करावी, आणि तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, असा रिवाज आहे. पंधरवड्याचे मला ठामपणे सांगवत नाही. पाण्याचे मात्र अगदी खरे, कारण बांबूतील पिष्ट धुऊन गेले की त्यास कीड कमी लागते. चुलीचा धूर उरलेले संरक्षण फुकट पुरवी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथात बुरडांचा समावेश बसोरांच्या प्रकरणात झाला आहे. तेथे विवाहादी विधींस जेवढी जागा मिळाली, तेवढी या कारागिरीस मिळाली नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

ताटीचे श्रीमंत भावंड म्हणजे वाळ्याचा पडदा. नदीनाल्यांच्या ओलसर काठी वाढणाऱ्या या गवताची सुगंधी मुळे बांबूच्या चौकटीत दाबून बसवावयाची, ती चौकट पश्चिमेच्या दारा-खिडकीस लावावयाची आणि तिजवर पाणी शिंपीत राहावयाचे, ही युक्ती मोगल दरबारात इतकी मान्य होती की अबुल फजलने आईन-ए-अकबरीत तिची दखल घेतली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजी अमलाखाली आल्यावर साहेबांच्या बंगल्यांनी ती उचलली. कोरडा झळाळता वारा ओल्या मुळांतून आत येताना पाण्याची वाफ करतो आणि त्या कामी स्वतःची उष्णता खर्ची घालतो, एवढेच तिचे रहस्य. म्हणून आषाढाच्या दमट हवेत तीच ताटी निरुपयोगी ठरते. साहेबाच्या गारव्यासाठी दुपारभर पखाली वाहणारा पखालजी स्वतः कोठे विसावत असे, हे कोणत्याही गॅझेटियरात नमूद असलेले माझ्या पाहण्यात नाही.

कापडी पडद्याचा शिरकाव या साऱ्यानंतरचा, आणि त्याचा उद्देशही निराळा: वाड्यात तो आडोशासाठी व अदबीसाठी आला, गारव्यासाठी नव्हे. आरमोरीकडे ढिवरांनी येन-अर्जुनाच्या झाडांवर जोपासलेल्या किड्यांचा कोसा उत्तम खरा. पण ते सोवळ्याचे आणि समारंभाचे वस्त्र, गजांवर टांगून उन्हात विटवण्याचे नव्हे. शिवाय कापड खिडकीच्या आत लोंबते. ऊन चौकट ओलांडून आत आले, पडद्यास तापवून गेले, म्हणजे त्यास अडविले असे म्हणणे हा निव्वळ उपचार झाला. ताटी बाहेर असते, आणि तिचे सारे श्रेष्ठत्व त्या एका स्थानात आहे.

असे असता ती मागे का पडली? रुचिपालट हे कारण सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. मालगुजारी बंदोबस्तातील वाजिब-उल-अर्जात गावच्या वहिवाटी नोंदल्या जात, आणि निस्तारापुरता, म्हणजे घरगुती गरजेपुरता, बांबू जंगलातून आणणे रयतेस अवघड नसे. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची हद्द व जरब वाढत गेली. १९२७ च्या कायद्याने तर बांबूस वृक्षाच्या व्याख्येत बसविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, आणि मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे इजाऱ्याने बांबूचे भारेच्या भारे जाऊ लागले, आणि बुरडाच्या वाट्यास सवलतीच्या दराचा, नोंदणीपुस्तकावर मोजून मिळणारा बांबू उरला. तोही वेळेवर मिळेल तेव्हा. ज्याच्या हाती कच्चा माल नाही त्याने सूप-टोपली करून पोट भरावे की वाड्याच्या खिडकीसाठी ताटी विणीत बसावे?

या वहिवाटीचा दुसरा अध्याय धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावी लिहिला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली जंगलाबाहेर लावलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीस बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. कच्चा माल मिळण्याची वाट, निदान कागदोपत्री, मोकळी झाली आहे.

आज झाडीतील बहुतेक खिडक्यांवर कूलर बसला आहे. त्याच्या तिन्ही अंगांच्या ताट्या म्हणजे वाळ्याच्या पडद्याचाच वंश. पखालजीची जागा पंपाने घेतली इतकेच. त्याची सोय मी नाकारीत नाही; पण खिडकीस कायमचे बुजवून तो उजेड आणि वारा दोन्ही स्वतःच्या ताब्यात घेतो, आणि वीज गेली की घर कोंडते. जुन्या घराच्या धन्याने एखाद्याच खोलीस कूलर ठेवावा, उत्तरेची खिडकी उघडी राखावी, आणि पश्चिमेच्या व दक्षिणेच्या खिडक्यांस बाहेरून, छपराच्या वाशास टांगून, भिंतीपासून वीतभर दूर राहील अशी बांबूची ताटी करवून घ्यावी. तापलेली हवा त्या फटीतून वर निघून जाते. पावसाळ्याच्या तोंडी ती उतरवून माळ्यावर ठेवावी. बुरडास माप देताना चौकटीचे देऊ नये, दोन्ही अंगांस हातभर अधिक सांगावे, कारण मावळतीचे ऊन तिरपे असते आणि ते कडेनेच आत शिरते.