ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या भत्त्यांना कात्री : पंधरा वर्षांत काय साधले, काय बिघडले?

१ जुलै २०२५ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मजूर पक्षाच्या सरकारवर स्वतःच्याच विधेयकातला गाभा काढून टाकण्याची वेळ आली. दिव्यांग व्यक्तींना मिळणाऱ्या भत्त्याचे निकष कडक करणारे कलम मतदानाला जेमतेम दीड तास उरला असताना सरकारने मागे घेतले. तरीही सत्ताधारी पक्षाच्या ४९ खासदारांनी विरोधात मत दिले. विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकले, पण त्यातून अपेक्षित असलेली बचत जवळपास संपली होती. भक्कम बहुमत असलेल्या सरकारला माघार का घ्यावी लागली, याचे उत्तर २०१० पासूनच्या कपातींच्या अनुभवात सापडते.

ब्रिटनमध्ये दिव्यांगांना कोणते भत्ते मिळतात?

ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ६० लाख लोक स्वतःला दिव्यांग मानतात. त्यांच्यासाठीचे भत्ते मुख्यतः दोन प्रकारचे आहेत आणि त्यांतला फरक लक्षात घेतल्याशिवाय हा वाद समजत नाही.

पहिला प्रकार अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी आहे. चाकाची खुर्ची, टॅक्सी, मदतनीस, जास्तीची वीज, वेगळा आहार असे खर्च इतरांना करावे लागत नाहीत, पण दिव्यांग व्यक्तीला ते टाळता येत नाहीत. त्यासाठी १९९२ पासून ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ होता. २०१३ पासून कामाच्या वयातील लोकांसाठी त्याची जागा ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ने, म्हणजेच ‘पिप’ने घेतली. हा भत्ता उत्पन्न पाहून दिला जात नाही. नोकरी करणाऱ्या दिव्यांग व्यक्तीलाही तो मिळतो. २०२५-२६ च्या दरांनुसार पिपचे दोन्ही भाग वरच्या दराने मिळाले, तर आठवड्याला १८७ पौंड ४५ पेन्स हाती येतात.

दुसरा प्रकार आजारपण किंवा अपंगत्वामुळे काम करता न येणाऱ्यांसाठी आहे. २००८ मध्ये त्यासाठी ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’ सुरू झाला. पुढे त्याचा उत्पन्नावर आधारित भाग टप्प्याटप्प्याने ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित योजनेत सामावला गेला.

पैसे कमी न करता कपात कशी होते?

२००८ च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनची तूट वाढली. २०१० मध्ये हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट्स यांचे आघाडी सरकार आले. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी त्याच वर्षीच्या जूनमधील अर्थसंकल्पात डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या फेररचनेची घोषणा केली. कामाच्या वयातील लाभार्थींवरचा खर्च २० टक्क्यांनी घटवणे हे उद्दिष्ट होते.

मात्र भत्त्याची रक्कम थेट कमी करण्याऐवजी तो कोणाला मिळेल याचे निकष बदलले गेले. त्यामुळे कपातीचा मुख्य भार मूल्यांकनावर, म्हणजे तपासणीवर पडला.

भारतात अपंगत्व टक्क्यांत मोजले जाते. वैद्यकीय यंत्रणेकडून ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, की व्यक्ती बहुतेक सवलतींसाठी पात्र ठरते. पिपची पद्धत वेगळी आहे. तेथे आजाराच्या नावाला गुण नाहीत. स्वयंपाक, जेवण, अंघोळ, कपडे घालणे, वाचन, लोकांमध्ये मिसळणे, पैशांचे व्यवहार अशा दैनंदिन जीवनातील १० आणि हालचालीशी संबंधित २ कृती अर्जदाराला किती जमतात, यावर गुण मिळतात. एका भागात ८ गुण झाले तर साधा दर आणि १२ झाले तर वरचा दर मिळतो.

या गुणांचे बारकावे माणसाचे आयुष्य ठरवतात. उदाहरणार्थ, कमरेखालचे अंग धुण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ गुण आणि खांदे ते कंबर हा भाग धुण्यासाठी लागत असेल तर ४ गुण मिळतात. चालण्याच्या निकषात तर मोठाच फरक पडला. जुन्या भत्त्यात साधारण ५० मीटर अंतराचा अंदाज धरला जाई. पिपमध्ये वरच्या दरासाठी ही मर्यादा २० मीटरवर आली. २० मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर सुरक्षितपणे आणि पुन्हा पुन्हा चालू शकणारी व्यक्ती त्या दराला मुकली.

या दराला जोडूनच ‘मोटॅबिलिटी’ ही योजना आहे. भत्त्याच्या रकमेतून गरजेनुसार बदल केलेली गाडी तिच्यामार्फत भाड्याने मिळते. वरचा दर गेला की गाडीही परत करावी लागते. बस किंवा रेल्वे वापरता न येणाऱ्या व्यक्तीची गाडी गेली, तर तिची नोकरीही धोक्यात येते. लोकांना कामाकडे वळवण्यासाठी केलेला बदल काहींना कामापासून दूर नेऊ शकतो, तो असा.

आणखी कोणत्या योजनांना कात्री लागली?

• ‘बेडरूम टॅक्स’ : एप्रिल २०१३ पासून सरकारी किंवा सामाजिक घरांतील भाडेकरूंकडे एक खोली जास्त असेल तर घरभाड्याच्या मदतीत १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के घट झाली. सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार बाधित कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांत दिव्यांग व्यक्ती होती. ‘जास्तीच्या’ खोलीत अनेकदा मदतनीस झोपत असे किंवा उपकरणे ठेवलेली असत. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा काही कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला.

• ‘इंडिपेन्डंट लिव्हिंग फंड’ : तीव्र अपंगत्व असलेल्या सुमारे १८ हजार लोकांना संस्थेत न जाता स्वतःच्या घरी राहता यावे म्हणून हा निधी मदतनिसांचा खर्च देत असे. ३० जून २०१५ रोजी तो बंद झाला आणि जबाबदारी स्थानिक परिषदांकडे गेली. त्याच काळात या परिषदांचेही अनुदान घटत होते. स्कॉटलंडने मात्र आपल्या रहिवाशांसाठी स्वतंत्र निधी चालू ठेवला.

• काम करू न शकणाऱ्यांचा भत्ता : आज नाही तरी पुढे काम करू शकतील अशा गटातील नव्या अर्जदारांचे एप्रिल २०१७ पासून आठवड्याला २९ पौंड ५ पेन्स कमी झाले. त्यांची रक्कम बेरोजगार भत्त्याइतकी, म्हणजे ७३ पौंड १० पेन्स झाली. जास्त पैसे मिळाल्याने माणूस काम शोधत नाही, हा सरकारचा युक्तिवाद होता. पण आजारी माणसाला नोकरी मिळायला अधिक काळ लागतो आणि त्या काळात घर गरम ठेवणे, दवाखान्यात जाणे हे खर्च चालूच राहतात, असे विरोधकांचे म्हणणे होते.

लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम झाला?

काम करण्याची क्षमता तपासणारी ‘वर्क कॅपॅबिलिटी असेसमेंट’ ही चाचणी सर्वाधिक वादग्रस्त ठरली. तिचे कंत्राट सुरुवातीला ‘अॅटोस’ या खासगी कंपनीकडे होते. मोठ्या टीकेनंतर कंपनी मुदतीआधीच बाहेर पडली आणि मार्च २०१५ पासून ‘मॅक्सिमस’ने हे काम घेतले.

२०१५ मध्ये लिव्हरपूल आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी इंग्लंडमधील १४९ स्थानिक क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० ते २०१३ दरम्यान सुमारे १० लाख लोकांची या चाचणीने फेरतपासणी झाली होती. ज्या भागांत फेरतपासणी जास्त, त्या भागांत मानसिक आरोग्याच्या तक्रारीही जास्त वाढल्याचे संशोधकांना आढळले. फेरतपासणीशी ५९० जादा आत्महत्या, मानसिक त्रासाची २ लाख ७९ हजार जादा प्रकरणे आणि नैराश्यावरील औषधांच्या ७ लाख २५ हजार जादा चिठ्ठ्या यांचा संबंध असल्याचे त्यांनी मांडले. हा सांख्यिकीय संबंध आहे, थेट कारण सिद्ध होत नाही, असे सरकारने म्हटले. संशोधकांनी गरिबी आणि बेरोजगारी यांसारखे इतर घटक हिशेबात धरले होते, तरी अशा अभ्यासाची ही मर्यादा खरीच आहे.

सरकारी लेखापरीक्षणातूनही काही गोष्टी पुढे आल्या. ‘नॅशनल ऑडिट ऑफिस’ने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले, की भत्ते देणाऱ्या खात्याने २०१४-१५ पासून लाभार्थींच्या ६९ आत्महत्यांची अंतर्गत चौकशी केली होती. चौकशीपर्यंत न पोहोचलेली प्रकरणे याहून अधिक असण्याची दाट शक्यताही अहवालात नोंदवली होती.

नकार मिळालेल्यांनी काय केले?

पिप नाकारला गेला तर आधी खात्याकडेच फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. तिथेही नकार मिळाला तर स्वतंत्र लवादाकडे जाता येते. लवादापर्यंत पोहोचलेल्या पिपच्या प्रकरणांपैकी साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक प्रकरणांत निकाल अर्जदाराच्या बाजूने लागत आला आहे. अनेकदा लवादापुढे नवी कागदपत्रेही येत नाहीत. अर्जदाराचे म्हणणे नीट ऐकले गेले, एवढाच फरक असतो. मात्र या प्रक्रियेत अनेक महिने जातात आणि बरेच जण पहिल्याच नकारानंतर माघार घेतात.

२०१७ मध्ये सरकारने आणखी एक नियम बदलला. तीव्र मानसिक त्रासामुळे एकट्याने प्रवास करता न येणाऱ्यांचे गुण त्यामुळे घटले. हा नियम भेदभाव करणारा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. सरकारने अपील केले नाही आणि सुमारे १६ लाख प्रकरणे पुन्हा तपासण्याचे जाहीर केले.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने तर ब्रिटनची विशेष चौकशी केली. दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली झालेली अशी ही पहिलीच चौकशी होती. दिव्यांगांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचे विश्वसनीय पुरावे असल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला. ब्रिटिश सरकारने तो फेटाळला.

मग पैसे तरी वाचले का?

ब्रिटनच्या सरकारी खर्चाचे स्वतंत्र अंदाज बांधणारे ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देते. पिपमुळे २० टक्के खर्च वाचणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात जुना भत्ता चालू ठेवला असता त्यापेक्षा पिपवर सुमारे १५ ते २० टक्के अधिक खर्च होत असल्याचे या संस्थेने जानेवारी २०१९ च्या अहवालात म्हटले. अपेक्षेपेक्षा जास्त लोक पात्र ठरले, फेरतपासण्या रखडल्या आणि अपिलांत निर्णय बदलले.

तपासणी हाही एक खर्चच होता. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या जानेवारी २०१६ मधील अहवालानुसार तीन वर्षांत मूल्यांकनाच्या कंत्राटांवर १.६ अब्ज पौंड खर्च होणे अपेक्षित होते. लवादांवरचा खर्च, स्थानिक परिषदांवर आलेला भार, आरोग्यसेवेवरचा ताण आणि घरातल्या माणसांनी नोकरी सोडून केलेली शुश्रूषा हे सर्व वेगळे. अन्नछत्रांवरही याचा ताण दिसतो. ‘ट्रसेल ट्रस्ट’च्या २०२३ मधील पाहणीत त्यांच्या अन्नपेढ्यांकडे पाठवल्या गेलेल्या लोकांपैकी ६९ टक्के दिव्यांग होते.

२०२५ मध्ये पुन्हा तोच प्रश्न का आला?

करोना साथीनंतर पिपसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या वेगाने वाढली, विशेषतः मानसिक आजार असलेल्या तरुणांची. इंग्लंड आणि वेल्समधील लाभार्थी सुमारे ३७ लाखांवर गेले. खर्च असाच वाढला तर योजनाच टिकणार नाही, असे मजूर पक्षाच्या सरकारचे म्हणणे होते. ही चिंता निराधार नव्हती. मार्च २०२५ मध्ये मंत्री लिझ केंडल यांनी वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचवणारी योजना मांडली.

तिच्या केंद्रस्थानी एक नियम होता : दैनंदिन जीवनाच्या भागात एकूण ८ गुण असून भागणार नाही, कोणत्या तरी एका कृतीत किमान ४ गुण हवेत. म्हणजे स्वयंपाक, अंघोळ, कपडे आणि शौच या चारही बाबतींत प्रत्येकी २ गुण मिळवणारी व्यक्ती अपात्र ठरली असती. अशा व्यक्तीला मदत दिवसभर लागते, फक्त ती थोडी थोडी लागते. शिवाय पिपचा हा भाग गेला की तिची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाचा ‘केअरर्स अलाउन्स’ही जातो.

सरकारच्याच मूल्यमापनात या योजनेमुळे २०२९-३० पर्यंत आणखी अडीच लाख लोक सापेक्ष गरिबीत जातील आणि त्यांत ५० हजार मुले असतील असे म्हटले होते. खासदारांच्या बंडामागे हा आकडा मोठे कारण ठरला.

आता स्थिती काय आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट अॅक्ट’ लागू झाला. पिपमधील ४ गुणांचा नियम त्यात नाही. मंत्री स्टीफन टिम्स यांच्या नेतृत्वाखाली पिपच्या मूल्यांकनाचा आढावा दिव्यांगांच्या सहभागाने घ्यायचे ठरले. मात्र युनिव्हर्सल क्रेडिटमधील आजारपणाच्या जादा रकमेत कपात कायम राहिली. एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या अर्जदारांना आठवड्याला सुमारे ९७ पौंडांऐवजी ५० पौंड मिळतील, अशी तरतूद आहे. अत्यंत गंभीर आणि कायमस्वरूपी आजार असलेले, तसेच आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण यांना त्यातून वगळले आहे. मूळ भत्त्याची रक्कम मात्र महागाईपेक्षा थोडी अधिक वाढवली आहे.

यामुळे एकच आजार आणि सारख्याच गरजा असलेल्या दोन व्यक्तींना, अर्ज कोणत्या तारखेला केला यावरून वेगवेगळी रक्कम मिळेल. स्कॉटलंडने दुसरी वाट धरली आहे. तेथे २०२२ पासून पिपऐवजी ‘अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट’ दिले जाते आणि तपासणीचे काम खासगी कंपन्यांकडे नाही. पात्रतेचे निकष बरेचसे सारखेच ठेवून केवळ तपासणीची पद्धत बदलली, तर अर्जदारांचा त्रास आणि सरकारचा खर्च यांत किती फरक पडतो, याची तुलना आता एकाच देशात करता येणार आहे.