स्टेशनच्या पाटीखालची गावे

‘रेल्वे आली आणि उपनगरे वसली,’ हे वाक्य माझे विद्यार्थी निबंधात बिनधास्त लिहितात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

२८ नोव्हेंबर १८६४ रोजी बी. बी. अँड सी. आय. कंपनीची रेल्वे गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला परतायची. दिवसाची एवढी एकच फेरी! त्या गाडीच्या थांब्यांची यादी गमतीदार आहे. वसईनंतर पांजे, मग बेरेवला, पहाडी, अंदारू, सांताक्रूझ, बांदोरा. बेरेवला म्हणजे बोरिवली आणि अंदारू म्हणजे अंधेरी. साहेबाच्या कानाला ‘ध’ पेलला नसावा, दुसरे काय! मालाड आणि कांदिवली या यादीत नाहीत.

म्हणजे गाडी आली तेव्हा इथे माळरान होते का? मुळीच नाही. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला एकसर गावात वीरगळ उभे आहेत. दगडात वल्ह्यांची जहाजे कोरलेली आहेत, समुद्रावरची लढाई आहे. हे काम शिलाहार-यादवांच्या काळातले मानतात. पूर्वेला कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मीबरोबर पहलवी लिपीतले लेखही आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तिथे कोरून ठेवली. पहलवी ही आजच्या फारसीची पूर्वज, त्यामुळे उर्दू शिकवणाऱ्याला ते वाचून वेगळाच आनंद होतो. मागाठाणे, शिंपोली, वझिरा, गोराई ही गावेही आपापल्या जागी नांदत होतीच.

रेल्वेने गावे वसवली नाहीत, तिने त्यांतले एकेक नाव निवडले. पाटीवर जे चढले ते शहर झाले, बाकीची त्याच्या पोटात गेली. आज एकसरचा माणूसही बाहेरगावी ‘मी बोरिवलीचा’ असेच सांगतो. आणि पाटीवरचे नावसुद्धा कायमचे नसते. पहाडी स्टेशनचे गोरेगाव झाले. पहाडी उरली ती जमिनीच्या कागदांत, ‘मौजे पहाडी गोरेगाव’ म्हणून. तिथे घर घेणाऱ्याला हे नाव बहुधा पहिल्यांदा दस्तनोंदणीच्या वेळी भेटते.

नुसती गाडी आली म्हणून वस्तीही लगेच वाढली नाही. दिवसाला एक फेरी असताना शहरातली नोकरी सांभाळून इथे कोण राहणार? ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली, तेव्हा कुठे रोजचे जाणे-येणे सुसह्य झाले. विजेच्या तारा विरारला पोहोचायला १९३६ उजाडले.

यादीतल्या पांजेचे काय झाले? पांजे म्हणजे नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडीत असलेले पाणजू बेट. तिथले स्टेशन गेले, गाव मात्र राहिले. रेल्वेचा रूळ आजही त्याच बेटावरून जातो. लोकल धडधडत निघून जातात, आणि पाणजूकरांच्या कित्येक पिढ्यांनी नायगाव गाठले ते होडीने.